नकाशातील रंगांची निवड

रंगाची आवड ज्याची त्याची, असे आपण म्हणतो. पण संगणकावरील नकाशात ही आवड किती महाग पडते, हे मी अनुभवले आहे.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. कॉलेज सुटल्यावर एका बांधकाम ठेकेदारांच्या कार्यालयात अंदाजपत्रके करण्यास मदत करतो. एकदा ऑटोकॅडमधील घराच्या नकाशावरून नळांची लांबी मोजताना सांडपाण्याची एक अख्खी नळी माझ्या हिशेबातून सुटली. काळ्या पडद्यावर ती गडद निळ्या रेघेने काढली होती. दर ठरून गेले होते. फरकाची रक्कम साहेबांना पदरची घालावी लागली.

असे का व्हावे? रेघ डोळ्यांत भरते ती मुख्यतः उजेडाच्या फरकामुळे. पडद्याच्या उजेडात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, तांबड्याचा २१ आणि निळ्याचा अवघा ७ टक्के असतो. त्यामुळे काळ्यावर शुद्ध पिवळ्याच्या उठावाचे प्रमाण १९ ला १ हून अधिक भरते, तर निळ्याचे जेमतेम २.४ ला १. आकृतीसाठी निदान ३ ला १ असावे, असा संकेत आहे. पांढऱ्या पडद्यावर मात्र सारे उलटते : निळा ठळक, पिवळा जवळजवळ अदृश्य.

हे कळल्यावर मी दुसरी चूक केली. ती रेघ पिवळी करून टाकली. छापून आली तेव्हा नळी भिंतीइतकी जाड! आमच्याकडे रेघेची जाडी तिच्या रंगाच्या क्रमांकावरून ठरते आणि पिवळा, म्हणजे २ क्रमांक, भिंतींसाठी राखलेला होता.

तेव्हा मित्रहो, दोन निवडी वेगळ्या ठेवाव्यात. पडद्याचा रंग आपला खासगी. 'ऑप्शन्स'मधील 'डिस्प्ले' पानावर 'कलर्स' दाबून तो खुशाल बदलावा. मूळ नकाशाला धक्का लागत नाही. पांढऱ्या रेघा, म्हणजे ७ क्रमांकाच्या, पांढऱ्या पडद्यावर आपोआप काळ्या दिसतात. लेयरचे रंग मात्र सर्वांचे. ते बदलायचे तर विचारून, आणि छपाईच्या तक्त्यातही तशी नोंद करून. आम्ही ५ क्रमांकाच्या निळ्याऐवजी १५० क्रमांकाचा उजळ निळा घेतला व तक्त्यात त्याला ५ चीच जाडी दिली. शिवाय, तांबड्या-हिरव्यातील भेद काहींच्या, विशेषतः पुरुषांच्या, डोळ्यांना कळत नाही. म्हणून केवळ रंगावर विसंबू नये. सांडपाण्याची रेघ तुटक ठेवली की ती सर्वांनाच ओळखू येते.

आमचे साहेब मराठी बोलतात, मेस्त्री कन्नड. एक 'तांबडा' म्हणतो, दुसरा 'केंपु'. पण विजेची रेघ कोणती, यावर दोघांचे एकमत असते. म्हणून काम चालते. खतावणीत जमा आणि नावे यांच्या बाजू कोणी आपल्या आवडीने बदलत नाही. नकाशातील रंगांचेही तसेच आहे.