वाऱ्याकडे पाठ करून

(द्वितीय वर्ष कला)

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सारे काही ठाऊक असते, अशी घरच्यांची भाबडी समजूत आहे. मी भूगोल विषय घेतला तेव्हा बाबांनी विचारले, "वादळ समुद्रावरून येते म्हणतात. मग आपले पत्रे डोंगराकडच्या वाऱ्याने कसे उडाले?" त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला जरा उशिराच दिलेले उत्तर आहे.

आमचे कामण गाव वसई तालुक्याच्या पूर्व भागात आहे. पाठीशी तुंगारेश्वराची रांग आणि कामणदुर्ग, दक्षिणेस वसईची खाडी, आणि समुद्र पश्चिमेस, दूर रेल्वेच्या पलीकडे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ आले तेव्हा आम्ही सारे पश्चिमेकडे डोळे लावून बसलो होतो. पण वारा आला पूर्वेकडून, डोंगराच्या अंगाने, आणि मागच्या पडवीचे तीन पत्रे घेऊन गेला. बाबांनी धडा घेतला. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी पूर्वेची बाजू तारेने आवळली, वर वाळूच्या गोणी ठेवल्या. १७ मे २०२१ रोजी 'तौक्ते' आले. या वेळी वारा दक्षिणेकडून, खाडीवरून आला. पूर्वेचा पत्रा हललाही नाही. दक्षिणेची ओसरी मात्र उघडी पडली. तेथे पेरणीसाठी राखलेले भाताचे बियाणे होते. ते सर्व भिजले. त्या वर्षी बियाणे उसने आणावे लागले.

बाबांची मेहनत कमी पडली नव्हती. कमी पडली ती माहिती.

नेहमीचे वारे

वादळाआधी रोजचा वारा समजून घेऊ. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, तेथे दाब कमी होतो, आणि आजूबाजूची जड हवा ती जागा भरण्यास धावते. दिवसा जमीन लवकर तापते म्हणून समुद्राकडून खारे वारे येतात. रात्री ती लवकर निवते म्हणून जमिनीकडून मतलई वारे सुटतात. हाच खेळ मोठ्या प्रमाणावर विषुववृत्तावर चालतो. तेथील कमी दाबाकडे दोन्ही गोलार्धांतून व्यापारी वारे वाहतात. परंतु पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे ते सरळ जात नाहीत. उत्तर गोलार्धात वारा आपल्या उजवीकडे वळतो, दक्षिण गोलार्धात डावीकडे.

उन्हाळ्यात आशिया खंड तापला की हा कमी दाबाचा पट्टा उत्तरेस सरकतो. दक्षिणेचे व्यापारी वारे विषुववृत्त ओलांडून येतात, उजवीकडे वळतात आणि तेच आपले नैऋत्य मोसमी वारे होतात. हिवाळ्यात दिशा उलटते. वसई तालुक्यातीलच सोपारा, म्हणजे प्राचीन शूर्पारक, या बंदराचा उल्लेख पहिल्या शतकातील एका ग्रीक नौकानयन ग्रंथात आहे. तांबड्या समुद्राकडील गलबते एका ऋतूच्या वाऱ्याने इकडे येत आणि दुसऱ्या ऋतूच्या वाऱ्याने परतत.

प्रदक्षिणेच्या उलट

आता चक्रीवादळ. समुद्राच्या वरच्या थराचे तापमान साधारण २६.५ अंश सेल्सिअसहून अधिक असले की भरपूर बाष्प वर चढते. त्याचे ढग बनताना उष्णता बाहेर पडते. त्या उष्णतेने हवा आणखी वेगाने वर जाते आणि खालचा दाब आणखी उतरतो. बाष्प हेच वादळाचे अन्न. म्हणून जमिनीवर आल्यावर ते उपाशी पडून क्षीण होते.

चारी दिशांनी हवा कमी दाबाच्या केंद्राकडे धावते. पण प्रत्येक प्रवाह उजवीकडे वळत असल्याने केंद्र चुकवून त्याच्या भोवती फिरू लागतो. विषुववृत्ताच्या अगदी जवळ ही वळवणारी शक्ती नगण्य असते. म्हणून तेथे चक्रीवादळे सहसा होत नाहीत. हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८ साली कलकत्त्यात या वादळांना सापाच्या वेटोळ्यावरून 'सायक्लोन' हे नाव दिले.

हे फिरणे कोणत्या दिशेने, हे लक्षात ठेवण्याची माझी एक युक्ती आहे. देवळात प्रदक्षिणा घालताना देव आपल्या उजव्या हाताला असतो. उत्तर गोलार्धातील वादळाचा वारा याच्या उलट फिरतो; केंद्र त्याच्या डाव्या हाताला असते. डच हवामानशास्त्रज्ञ बाईज बॅलट यांनी १८५७ साली मांडलेला नियम हाच आहे. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. कमी दाबाचे केंद्र तुमच्या डाव्या हाताला असेल. जमिनीवर घर्षणामुळे वारा थोडा आत वळतो, म्हणून डावा हात किंचित पुढे न्यावा, एवढेच.

हा नियम आमच्या पडवीला लावून पाहिला. 'निसर्ग' दुपारी अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले, ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाचे वारे घेऊन. अलिबाग कामणच्या थेट दक्षिणेस. केंद्र दक्षिणेला, म्हणजे आमच्याकडे वारा पूर्वेचा! 'तौक्ते' मात्र जमिनीवर न येता मुंबईच्या पश्चिमेस सुमारे दीडशे किलोमीटरवरून उत्तरेकडे गेले आणि त्या रात्री गुजरातेत दीवजवळ धडकले. केंद्र पश्चिमेला, म्हणजे वारा दक्षिणेचा! वादळ कोठून आले यावर आपला वारा ठरत नाही; ते आपल्या कोणत्या बाजूने जाते यावर ठरतो. बाबांच्या प्रश्नाचे उत्तर हे होते.

वाट कोण दाखवतो?

ओढ्यातला भोवरा जसा स्वतःभोवती फिरत प्रवाहाबरोबर वाहतो, तसे वादळही वरच्या थरांतील वाऱ्यांबरोबर सरकते. अरबी समुद्रातील बरीच वादळे त्यामुळे ओमान-येमेनकडे जातात, किंवा वळून गुजरातेत शिरतात. उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर थेट येणारी थोडी. 'निसर्ग'पूर्वीचे 'फयान' ११ नोव्हेंबर २००९ रोजी अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले होते.

वादळांचा काळ मुख्यतः मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. भर पावसाळ्यात मात्र ती क्वचितच होतात. कारण तेव्हा खाली जोराचे पश्चिमी वारे आणि खूप उंचावर पूर्वेचे वारे असतात. या ओढाताणीत वादळाचा उभा मनोरा टिकत नाही. पण अरबी समुद्र अलीकडे अधिक तापू लागला आहे आणि तेथील वादळांची संख्या व तीव्रता वाढल्याचे संशोधकांना आढळले आहे. म्हणून 'आपल्याकडे येत नाही' या भरवशावर राहू नये.

एक इशारा आवश्यक आहे. बॅलटच्या नियमाने केंद्राची दिशा कळते, अंतर कळत नाही. ते हवामान खात्याच्या सूचनेतूनच घ्यावे. तसेच वादळाचा डोळा माथ्यावर आला की वारा अचानक पडतो. वादळ संपले असे समजून माणसे बाहेर येतात, आणि थोड्याच वेळात उलट दिशेने तितकाच प्रचंड वारा सुटतो. तेव्हा घराबाहेर पडण्याची घाई करू नये.

हे सारे मी बाबांना अंगणात उभे राहून, तुळशीभोवती उलटी फेरी घालून समजावले. आजी "उलटी फिरू नको ग" म्हणून रागावली. बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे वादळ कुठल्या अंगाने जाईल ते आधी कुणाच्या हातात नाही. तर चारही बाजू बांधायला हव्यात."

गेल्या मे महिन्यात त्यांनी चारही बाजू बांधल्या. बियाण्याचे पिंप आता माजघरात असते.