चाळीसावा दिवस: पवित्र शनिवारचं काय करायचं?

आजचा शास्त्रपाठ: लूक २३:५०-५६ आणि मत्तय २७:६२-६६
सोबत वाचा: स्तोत्र ८८



परवा उत्तम शुक्रवार. तुमच्यापैकी बरेच जण राखेच्या बुधवारपासून रोज एक उतारा वाचत आलेत. कोणी चहा सोडलाय, कोणी मटण, कोणी रात्री अकरानंतर फोन. एक गोष्ट मोजून बघा. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत कॅलेंडरवर ४६ दिवस भरतात. मग चाळीस दिवसांचा उपवासकाळ कसा? कारण मधले सहा रविवार धरत नाहीत. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास नाही, ही मंडळीची फार जुनी शिस्त. आता रविवार वगळून परत मोजा. चाळीसावा दिवस शुक्रवारी येत नाही, तो शनिवारी येतो.

म्हणजे ज्या दिवसाकडे आपण सहा आठवडे चालत आलो तो शेवटचा दिवस आपल्या मंडळ्यांमध्ये जवळजवळ नसल्यासारखाच असतो. शुक्रवारी बारा ते तीन सात उद्गारांची उपासना, रविवारी पहाटेची उपासना. मधल्या दिवशी क्वायरची शेवटची प्रॅक्टिस, चर्चमध्ये फुलांची सजावट, बेकरीसमोर रांग, आणि तरुण संघाच्या ग्रुपवर उद्या कोण कोणाच्या गाडीतून येणार याची चर्चा. यात वाईट काहीच नाही, फुलं कोणीतरी लावायलाच हवीत. पण यंदा मला हा दिवस असा ओलांडता येत नाहीये.

माझे पप्पा नोव्हेंबरमध्ये गेले. हा त्यांच्याशिवायचा पहिला ईस्टर. म्हणून गेले काही दिवस मी शुक्रवार आणि रविवार बाजूला ठेवून मधल्या दिवसाचीच वचनं वाचत बसले आहे. फार वेळ लागत नाही. चारही शुभवर्तमानांत शनिवारबद्दल किती आहे माहितीये? लूकमध्ये अर्धं वचन, मत्तयमध्ये पाच वचनं. बस.

आधी शुक्रवारची संध्याकाळ नीट बघू, नाहीतर शनिवार कळणार नाही.

यहूदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. येशूने प्राण सोडला तो नवव्या तासाच्या सुमारास, म्हणजे आपले दुपारचे तीन. वल्हांडण वसंत ऋतूत येतो, तेव्हा सूर्य साधारण सहाच्या आसपास मावळतो. शब्बाथ लागायच्या आत सगळं उरकायचं तर हातात जेमतेम तीन तास. आता मार्क १५:४२ पासून वाचा. अरिमथाईकर योसेफ धीर करून पिलाताकडे जातो. पिलाताला आश्चर्य वाटतं, इतक्यात मेला? तो शताधिपतीला बोलावून खात्री करून घेतो, मग प्रेत न्यायची परवानगी देतो. योसेफ तागाचं कापड विकत घेतो, प्रेत खाली काढतो, गुंडाळतो, कबरेत ठेवतो, तोंडाशी धोंड लोटतो. निकदेम गंधरस आणि अगरू घेऊन येतो. योहान सांगतो शंभर लित्रा, म्हणजे आजच्या मापात तीस किलोच्या वर.

ज्यांनी घरातलं माणूस पोहोचवलंय त्यांना हा उतारा धर्मग्रंथासारखा वाटणारच नाही. परवानगी, खात्री, कापड, जागा, वेळ कमी. आमच्याकडेही तसंच झालं. सर्टिफिकेट, त्याच्या झेरॉक्स, दफनभूमीची पावती, पेटीचं माप, पाळकसाहेबांची वेळ, भाऊ बेंगळुरूहून कोणत्या फ्लाइटने पोहोचतोय. मला रडायला त्या दिवशी वेळच मिळाला नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर करण्यासारखं काहीही उरलं नव्हतं. माझ्या मते पवित्र शनिवार म्हणजे ती दुसऱ्या दिवशीची सकाळ.

आता लूक २३:५५. गालीलाहून आलेल्या स्त्रिया योसेफाच्या मागोमाग गेल्या, त्यांनी कबर पाहिली, आणि प्रेत कसं ठेवलंय तेही पाहिलं. हे दुसरं पाहणं महत्त्वाचं आहे. त्यांना दिसलं असणार की सगळं घाईत झालंय. घरी येऊन त्यांनी सुगंधी द्रव्यं आणि तेलं तयार केली. (मार्क म्हणतो शब्बाथ संपल्यावर विकत घेतली. दोघांचा क्रम वेगळा आहे. तो ओढूनताणून जुळवायची मला गरज वाटत नाही.) आणि मग ते अर्धं वचन येतं: आज्ञेप्रमाणे त्या शब्बाथ दिवशी स्वस्थ राहिल्या.

स्वस्थ या शब्दावर मी बराच वेळ अडकले. आपल्या बोलण्यात स्वस्थ म्हणजे निवांत. पण या बायका निवांत असतील का? द्रव्यं तयार आहेत, कबर ठाऊक आहे, हातांना काम हवंय, आणि जायचं नाही. ज्या देवाने कालचा शुक्रवार होऊ दिला, त्याचीच आज्ञा म्हणते की आज काही करू नका. आणि त्या ती पाळतात. त्यांच्या मनात काय होतं हे लूक सांगत नाही. त्यांना शांती मिळाली असंही तो लिहीत नाही, त्यांनी विश्वासाने वाट पाहिली असंही नाही. एक दिवस त्यांनी पाळला, एवढंच.

या बायकांपैकी एक योहान्ना. रविवारी सकाळी कबरेकडून परतलेल्यांमध्ये लूक तिचं नाव घेतो (२४:१०), आणि ती कोण हे त्याने आधीच सांगून ठेवलंय (८:३). हेरोदाचा कारभारी खुजा, त्याची बायको. आता आठवा, शुक्रवारी सकाळी पिलाताने येशूला कोणाकडे पाठवलं होतं? हेरोद त्या दिवसांत यरुशलेमेतच होता. त्याने शिपायांबरोबर येशूची थट्टा केली आणि झगझगीत वस्त्र घालून परत पाठवलं. म्हणजे ज्याने थट्टा केली त्याच्याच पगारावर योहान्नाचं घर चालत होतं. खुजा त्या आठवड्यात कुठे होता हे लूक लिहीत नाही, म्हणून मी फार पुढे जात नाही. पण तुमच्यापैकी जे अशा ऑफिसमध्ये काम करतात जिथे आपल्या विश्वासावर हसतात, आणि सोमवारी तिथेच लॉगिन करावं लागतं, त्यांनी योहान्नाचा शनिवार एकदा डोळ्यांसमोर आणावा.

मत्तयची पाच वचनं तर विलक्षण आहेत. मुख्य याजक आणि परूशी पिलाताकडे जातात आणि सांगतात, तो ठक जिवंत असताना तीन दिवसांनी उठेन म्हणाला होता, म्हणून कबरेवर पहारा बसवा. शब्बाथाच्या दिवशी! बायका शब्बाथ पाळताहेत आणि धर्माचे अधिकारी राज्यपालाच्या दारात उभे आहेत. त्याहून मोठी गंमत म्हणजे तीन दिवसांचं वचन त्या शनिवारी आठवत होतं ते फक्त शत्रूंना. शिष्यांपैकी कोणी ते आठवून वाट पाहत बसलंय असं कुठेच लिहिलेलं नाही. पेत्र आपल्याला शेवटचा दिसतो तो बाहेर जाऊन रडताना. आणि बायकांनी द्रव्यं तयार केली ती मेलेल्या माणसासाठी. त्यांना थोडी जरी आशा असती तरी इतका खर्च कोणी केला नसता.

इथे मला आपल्या प्रचारांतल्या एका नेहमीच्या वाक्याबद्दल बोलायचंय. विश्वास असेल तर दुःख नसतं, असं आपण सर्रास ऐकतो. पप्पा गेल्यावर आमच्याकडे आलेल्या चांगल्या, मायाळू माणसांपैकी निम्म्यांनी तरी मम्मीला सांगितलं असेल, रडू नका, ते प्रभूकडे गेले. मम्मीला हे माहीत आहे. तिनेच मला हे शिकवलं. पण ती ४१ वर्षं ज्याच्या शेजारी चर्चमध्ये बसली त्याच्याकडचा गीतांच्या पुस्तकाचा भार आता तिच्या एकटीच्या हातात येतो, आणि त्या क्षणी तिला शिकवण नको असते. त्या लोकांना मी दोष देत नाही. शनिवार कोणालाच सहन होत नाही, म्हणून आपण समोरच्याला पटकन रविवारात ढकलतो.

मंडळीच्या इतिहासातही हे घडलंय. ईस्टरची जागरण-उपासना मुळात रात्रीची. पण पाश्चात्त्य मंडळीत ती हळूहळू अलीकडे सरकत गेली आणि शेवटी काही शतकं चक्क शनिवारी सकाळीच उरकली जायची. भर उजेडात पास्काची मेणबत्ती लावायची! १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी ती पुन्हा रात्री करण्याची परवानगी दिली आणि १९५६ पासून तोच नियम झाला. आज वसईत किंवा वांद्र्यात तुमचे कॅथलिक मित्र असतील तर विचारा. शनिवारी दिवसभर मिस्सा नसते, वेदीवर कापडसुद्धा नसतं, रात्री अंधारात विस्तव पेटवून सुरुवात होते. आम्हा प्रॉटेस्टंटांना त्यांच्याकडून हा रिकामा दिवस शिकण्यासारखा आहे असं माझं मत आहे. मतांगिकारात आपणही दर रविवारी म्हणतोच की, की तो पुरला गेला आणि मेलेल्यांमध्ये उतरला. म्हणतो, आणि पुढच्या ओळीवर जातो.

लेंटमध्ये मला दर वर्षी पंडिता रमाबाई आठवतात, कारण त्या गेल्या त्याच दिवसांत. ५ एप्रिल १९२२. त्या वर्षी ईस्टर १६ एप्रिलला होता, म्हणजे त्यांना तो दिसला नाही. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै १९२१ मध्ये, त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. केडगावचं मुक्ती मिशन आपल्यामागे तीच सांभाळेल, अशी सर्वांची अपेक्षा होती. ज्या बाईने लहानपणीच दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली, पुढे भाऊ, मग लग्नाला दोन वर्षं होण्याआधी नवरा, तिच्या हातून शेवटी मुलगीही गेली. आणि त्या उरलेल्या महिन्यांतही बायबलच्या भाषांतराचं काम चालूच होतं. साध्या बायकांना वाचता यावं म्हणून सोप्या मराठीत, हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेलं भाषांतर. ते मुक्ती मिशनच्या छापखान्यातून संपूर्ण छापून आलं १९२४ मध्ये. छापील पुस्तक त्यांच्या हातात पडलंच नाही. त्या स्त्रियांच्या द्रव्यांसारखंच हे काम मला वाटतं. दिवस वाईट आहे, पण हातात जे तयार करायचंय ते करत राहायचं.

मग या शनिवारी काय करायचं? मी काय करणार ते सांगते, तुम्ही तुमचं ठरवा. सकाळी स्तोत्र ८८ वाचणार. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी वळतात, स्तुतीवर येतात. हे वळत नाही. हिब्रूमध्ये त्याचा अगदी शेवटचा शब्द अंधार हा आहे, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, देवाला उद्देशून म्हटलेलं आहे. ते मोठ्याने वाचा, आणि संपल्यावर लगेच दुसरं स्तोत्र उघडू नका. दुपारपर्यंत ईस्टरचं स्टेटस टाकू नका. तुमच्या मंडळीत या वर्षी कोणाच्या घरी मयत झालंय, कोणाची नोकरी गेलीय, कोणाचं मूल पोटातच गेलं, आठवा. त्यांच्याकडे जा. खायला काहीतरी घेऊन जा. वचन सांगायला जाऊ नका. ते बोलले तर ऐका, नाही बोलले तर भांडी घासून द्या.

रविवारी पहाटे आमची मंडळी दफनभूमीत उपासना करते. अंधारात मेणबत्त्या घेऊन जायचं, आपापल्या कबरी आदल्या दिवशी झाडून फुलं ठेवलेली असतात, आणि उजाडता उजाडता गीत सुरू होतं. लहानपणी मला ती पिकनिक वाटायची. यंदा आमचीही कबर आहे, अजून मातीचीच, दगड बसायचाय. मम्मी म्हणाली, मला गाता येईल की नाही माहीत नाही. मी म्हटलं, नको गाऊस, आम्ही गातो, तू उभी राहा. लूक २४:११ प्रमाणे त्या स्त्रियांची बातमी ऐकून प्रेषितांनासुद्धा ती बडबडच वाटली होती. त्या सकाळी लगेच कोणीच गात नव्हतं.

आणि ती द्रव्यं? त्या पहाटे ती घेऊन गेल्या होत्या. कबर रिकामी निघाली, लेपन करायला प्रेतच नव्हतं. पुढे त्या डब्यांचं काय झालं हे कुठल्याच शुभवर्तमानात लिहिलेलं नाही. देवदूतांनी त्यांना त्यावरून एका शब्दानेही टोकलं नाही. गालीलात त्याने काय सांगितलं होतं ते आठवा, असं म्हणाले. आणि त्यांना आठवलं.

प्रार्थना: प्रभू येशू, तू एक पूर्ण दिवस कबरेत राहिलास. ज्यांना या रविवारी गाता येणार नाही त्यांच्या शेजारी कोणाला तरी उभं कर. दफनभूमीत एकट्याने जाणाऱ्यांना सोबत दे. ज्यांच्या कबरीवर फूल ठेवायला कोणी उरलं नाही, त्यांची नावं तुला ठाऊक आहेत. आमेन.

उद्याचं वाचन: योहान १३:१-१७.