अष्टग्रहीचे दिवस

३ ते ५ फेब्रुवारी १९६२ हे तीन दिवस भारतातील असंख्य लोकांनी जीव मुठीत धरून काढले. रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू असे आठ ग्रह मकर राशीत एकत्र येणार होते. (रवी व चंद्र यांसही ज्योतिषात ग्रहच म्हणतात.) या अष्टग्रहीने जगाचा अंत होईल, निदान भूकंप, जलप्रलय वा महायुद्ध तरी ओढवेल, असे भाकीत कित्येक ज्योतिष्यांनी वर्तविले. ठिकठिकाणी यज्ञ सुरू झाले, तुपाच्या आहुती पडू लागल्या. पुष्कळांनी ठरलेले प्रवास पुढे ढकलले.

त्या भीतीस हसणे सोपे आहे. परंतु पंचांगातील गणित खोटे नव्हते, हे आधी ध्यानात घ्यावे. ग्रह सांगितल्या वेळी मकर राशीत आले. अमावास्येस खग्रास सूर्यग्रहणही झाले. भारतातून ते दिसले नाही, न्यू गिनीकडे दिसले. चूक गणितात नव्हती, त्यावरून काढलेल्या फलात होती.

माळावरच्या गुराख्यास बांधावरची बाभूळ, तिच्यामागचे देऊळ आणि दूरचा डोंगर एका ओळीत दिसतात. म्हणून देऊळ काही डोंगराजवळ सरकत नाही. ग्रहांचेही तसेच. शिवाय गुरू व शनी सूर्याच्या जोडीने दिसतात, तेव्हा ते सूर्याच्या पलीकडे, म्हणजे पृथ्वीपासून अतिशय दूर असतात. त्या दिवसांत गुरू सुमारे ९० कोटी किलोमीटरांवर होता; चंद्राचे सरासरी अंतर अवघे ३ लाख ८४ हजार किलोमीटर आहे. अंतर दुप्पट झाले, की समुद्रास भरती आणणारा जोर एक-अष्टमांश उरतो. त्यामुळे चंद्रसूर्य वगळता बाकीच्या सर्व ग्रहांचा जोर एकवटला, तरी समुद्राचे पाणी एक मिलिमीटरही चढत नाही. आणि केतू? तो तर गोलच नव्हे. चंद्राचा मार्ग सूर्याच्या भासमान मार्गास ज्या दोन बिंदूंत छेदतो, त्यांपैकी तो एक, दुसरा राहू.

६ तारीख उजाडली आणि सूर्य नित्याप्रमाणे उगवला. तथापि भाकीत चुकले, असे मानण्यास अनेकजण तयार नव्हते. यज्ञांमुळेच अरिष्ट टळले, असे ते म्हणू लागले. प्रलय झाला तर भाकीत खरे, न झाला तर यज्ञ फळास आले! अशा भाकिताची परीक्षा घ्यावी तरी कशी?

संकटाचे भाकीत शास्त्रज्ञही करतात. २००४ साली सुमारे साडेतीनशे मीटर व्यासाचा एक लघुग्रह सापडला. त्यास पुढे अपोफिस हे नाव मिळाले. तो १३ एप्रिल २०२९ रोजी पृथ्वीवर आदळण्याचा संभव सदतिसात एक इतका असल्याचे त्याच वर्षीच्या डिसेंबरात जाहीर झाले. मग जुन्या छायाचित्रांत त्याची आधीची स्थाने सापडली, कक्षेचे गणित पुन्हा मांडले गेले आणि थोड्याच दिवसांत ती टक्कर होणार नाही असे ठरले. २०२१ मध्ये रडारने केलेल्या निरीक्षणांनंतर, आणखी निदान शंभर वर्षे त्याच्यापासून धोका नाही, असे सांगण्यात आले. यासाठी कोठे होम पेटला नव्हता. मोजमाप अधिक अचूक झाले, तसे भाकीत बदलले. आणि आपले पहिले अनुमान का बदलावे लागले, हेही शास्त्रज्ञांनी उघडपणे सांगितले.

अपोफिस त्या दिवशी पृथ्वीपृष्ठापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरांवरून जाईल. युरोप, आफ्रिका व पश्चिम आशिया येथून तो नुसत्या डोळ्यांना दिसेल. भारतात तेव्हा १४ एप्रिलची उत्तररात्र असेल.