केसपेपर न्यायालयात जातो तेव्हा

आमचे हितचिंतक खाटांसाठी, यंत्रांसाठी, औषधांसाठी देणगी देतात. अभिलेख कक्षातील कपाटांसाठी देणगी मागण्याचा आम्हालाही संकोच वाटतो. तथापि रुग्ण घरी गेल्यानंतर, अथवा दुर्दैवाने न परतल्यानंतरही, त्याच्या कुटुंबाच्या उपयोगी पडते ते हेच दालन. तेथील कर्मचाऱ्यांसाठी आम्ही घेत असलेल्या पाठाचा सारांश विश्वस्त, देणगीदार व रुग्णांच्या नातेवाइकांसाठी येथे देत आहोत.

काही वर्षांपूर्वी रस्त्यावरील अपघातात जखमी झालेला एक गृहस्थ आमच्याकडे उपचार चालू असता मरण पावला. त्याच्या पत्नीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागितली. जन्माचा दाखला नव्हता, शाळेचाही नव्हता. वयाचा आधार उरला तो आमच्या केसपेपरचा, आणि त्यावर ३४ चा आकडा गिरवून ४३ केलेला होता. हा बदल कोणी, केव्हा व का केला, या प्रश्नाला आमच्या कर्मचाऱ्यापाशी उत्तर नव्हते.

या दोन आकड्यांचे मोल किती, हे हिशेबानेच सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली मृत्यूच्या दाव्यांसाठी वयोगटानुसार गुणक निश्चित केले. ३१ ते ३५ वर्षांसाठी तो १६ आहे, तर ४१ ते ४५ वर्षांसाठी १४. मृताच्या मिळकतीतून कुटुंबाच्या वाट्याला वर्षाला १,२०,००० रुपये येत असतील, तर पहिल्या गुणकाने १९,२०,००० आणि दुसऱ्याने १६,८०,००० रुपये होतात. म्हणजे लेखणीच्या एका फटकाऱ्यात विधवेचे २,४०,००० रुपये. सुदैवाने प्रवेश नोंदवहीत ३४ हा आकडा निर्मळ होता. ती वही सापडेपर्यंत मात्र त्या माउलीला तारखांमागून तारखा घालवाव्या लागल्या.

तेव्हापासून आमचा पहिला नियम असा : नोंद चुकल्यास ती गिरवू नये, खोडून काळी करू नये. मूळ शब्द वाचता येईल अशी एकच रेघ मारावी, शेजारी दुरुस्ती लिहावी आणि सही, तारीख व वेळ घालावी. रोजकीर्द-खतावणीत वाढलेल्या आम्हाला ही शिस्त नवी नाही. कायदाही नियमितपणे ठेवलेल्या हिशेबवहीतील नोंद पुराव्यात विचारात घेतो, परंतु केवळ तेवढ्यावर कोणाचे देणे सिद्ध झाले असे मानत नाही. केसपेपरचेही तसेच आहे. तो लिहिणाऱ्या डॉक्टरांना न्यायालयात शपथेवर साक्ष द्यावी लागू शकते.

दुसरी गोष्ट समन्सची. समन्स आल्यास घाबरू नये, पण ते नीट वाचावे. केवळ कागदपत्र हजर करण्याचे समन्स असेल, तर ते जबाबदार व्यक्तीमार्फत पाठवले तरी आज्ञेचे पालन होते. कागद नेणारा तेवढ्यानेच साक्षीदार ठरत नाही आणि त्याची उलटतपासणी घेता येत नाही. साक्षीसाठी बोलावले असेल, तर मात्र जातीने हजर राहिले पाहिजे. मूळ कागद देण्यापूर्वी पानांना क्रमांक घालावेत, प्रत ठेवावी व पोच घ्यावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ९४ व्या कलमाखाली न्यायालय समन्सने, तर पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी लेखी आदेशाने कागद मागवू शकतो. कोणाच्या दूरध्वनीवरून रुग्णाची माहिती देऊ नये.

तिसरी गोष्ट संगणकाची. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. त्याच्या ६३ व्या कलमानुसार संगणकीय नोंदीसोबत विहित नमुन्यातील प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याचा एक भाग नोंद सादर करणाऱ्याने व दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा असतो.

चौथी गोष्ट रुग्णाच्या हक्काची. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपावयाची असून, रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यास ती ७२ तासांत द्यावयाची आहेत. अपघात, विषबाधा अशा पोलीस प्रकरणांचे कागद आम्ही खटला निकाली निघेपर्यंत ठेवतो.

'आपले रुग्णालय धर्मादाय, आपल्याला ग्राहक न्यायालय कशाला?' असे कोणी विचारतात. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने याचे उत्तर दिले आहे. सर्वांनाच विनामूल्य सेवा देणारी संस्था त्या कायद्याबाहेर राहते. काही रुग्णांकडून शुल्क व काहींना मोफत, अशी सेवा असेल तर मोफत रुग्णही ग्राहकच ठरतो. म्हणून मोफत खाटेवरील रुग्णाचा केसपेपर शुल्क देणाऱ्याच्या केसपेपरइतक्याच काळजीने लिहिला गेला पाहिजे.

नातेवाइकांना एकच विनंती. दाखल करतेवेळी मन थाऱ्यावर नसते, हे आम्ही जाणतो. तरीही सही करण्यापूर्वी नाव, वय व पत्ता एकवार वाचून पाहावा आणि चूक दिसल्यास तेथेच सांगावी. ती दुरुस्त करून घेणे हा आपला हक्क आहे, आणि दुरुस्ती रीतसर करणे हे आमचे कर्तव्य.