फायबरच्या जुन्या यांत्रिक नौकेची दुरुस्ती : आधी सुकवण, मग थर

डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडू आणि आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यांवर लाकडी कट्टुमरमची जागा काचतंतू-प्रबलित प्लास्टिकच्या, म्हणजेच बोलीभाषेतील ‘फायबरच्या’ नौकांनी वेगाने घेतली. केरळात आणि पश्चिम किनाऱ्यावर इतरत्रही आऊटबोर्ड इंजिनाच्या अशा नौका सर्रास दिसतात. त्यांपैकी अनेक आता जुन्या झाल्या आहेत. फायबर कुजत नाही हे खरे. परंतु अनेक नौकांच्या डेकमध्ये आणि इंजिन टांगण्याच्या मागील फळीत फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूडचा गाभा असतो आणि तो मात्र कुजतो. वरून धडधाकट दिसणारे डेक एके दिवशी पायाखाली खचते. मागील फळी कुजलेली असल्यास भर समुद्रात इंजिन निखळण्याचा धोका संभवतो.

कूज कशी होते?

पाणी फायबरच्या अखंड थरातून क्वचितच शिरते. दोर बांधण्याचे खुंट, कठड्याचे खांब, झाकणांच्या बिजागऱ्या यांच्या स्क्रूंची छिद्रे हाच त्याचा मुख्य मार्ग होय. छिद्रातील सीलंट काही वर्षांत सुटते आणि पाणी प्लायवूडमध्ये झिरपते. लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणी अधिक मानवते. त्यामुळे किनाऱ्यावर उघडी पडून राहिलेली नौका पुष्कळदा नित्य वापरातील नौकेपेक्षा लवकर कुजते. लाकडातील ओलावा २० टक्क्यांपेक्षा कमी राहिल्यास ही बुरशी वाढू शकत नाही. दुरुस्तीचे सारे तत्त्व या एका गोष्टीत सामावलेले आहे.

परीक्षण

मडके घेताना जसे वाजवून पाहतात, तसे लहान हातोडीच्या दांड्याने डेकवर सर्वत्र ठोकून पाहावे. निरोगी भागाचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्या किंवा थर सुटलेल्या भागाचा बद्द येतो. असा भाग खडूने आखून घ्यावा. संशयित जागी ५ मिलिमीटरचे छिद्र पाडून निघणारा भुसा तपासावा : तो कोरडा व फिकट असल्यास गाभा चांगला; ओला, काळपट व कुबट वासाचा असल्यास कूज निश्चित समजावी. हेच परीक्षण मागील फळीचे आणि नौकेच्या तळातील उभ्या-आडव्या आधारांचेही करावे. तेही कुजलेले आढळल्यास दुरुस्तीचा खर्च नौकेच्या मूल्याशी ताडून पाहणे हिताचे ठरते.

उघडणे व सुकविणे

कामापूर्वी नौकेस खालून समान आधार द्यावा, अन्यथा डेक कापल्यावर तिचा आकार बदलतो. करवतीच्या पात्याची खोली केवळ वरच्या थराच्या जाडीइतकी ठेवून, कडेला सुमारे ५० मिलिमीटरची पट्टी राखून तो थर अखंड काढावा. पुढे तोच पुन्हा बसविता येतो. कुजलेला गाभा निरोगी लाकूड लागेपर्यंत पूर्ण खरवडून काढावा.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि घाईत नेमकी हीच टाळली जाते. उरलेले लाकूड छताखाली, वारा खेळता ठेवून सुकवावे. आर्द्रतामापकावर ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत रेझिन लावू नये. ओल्या लाकडावर चढविलेला नवा थर चिकटत नाही. तो ओलावा आत कोंडून कूज वाढवितो.

नवा गाभा व थर

भारतीय मानक आयएस ७१० नुसारचे मरीन प्लायवूड वापरावे. साधे प्लायवूड स्वस्त पडते, पण टिकत नाही. तुकड्याच्या सर्व बाजूंना, विशेषतः कडांना, इपॉक्सी पाजावे. मग घट्ट केलेल्या इपॉक्सीच्या थरावर तो दाबून बसवावा व वर समान वजन ठेवावे. हवा निघून जाण्यासाठी प्लायवूडमध्ये बारीक छिद्रे पाडून ठेवावीत.

वरचा थर परत बसविल्यावर सांध्याच्या दोन्ही कडा १:१२ उतारात घासाव्यात. म्हणजे थर ४ मिलिमीटर जाड असल्यास उतार ४८ मिलिमीटर रुंद हवा. जुन्या थरावर पॉलिएस्टर रेझिनपेक्षा इपॉक्सी अधिक घट्ट धरते. मात्र इपॉक्सीबरोबर शिवलेले किंवा विणलेले काचकापड घ्यावे, कारण नेहमीच्या मॅटमधील बंधक पदार्थ इपॉक्सीत नीट विरघळत नाही.

खर्चामुळे सांध्यासाठी पॉलिएस्टर निवडल्यास प्रति चौरस मीटर ४५० ग्रॅमच्या मॅटला सुमारे १ किलो रेझिन लागते. उत्प्रेरकाचे प्रमाण १ ते २ टक्के ठेवावे. उन्हाळ्यात ते १ टक्क्याकडे झुकते असावे.

शेवटी प्रत्येक स्क्रूचे छिद्र मोठे करून इपॉक्सीने भरावे आणि त्यातच नवे छिद्र पाडावे. यामुळे सीलंट सुटले तरी पाणी लाकडापर्यंत पोहोचत नाही. हे न केल्यास काही वर्षांत नौका पुन्हा याच अवस्थेत येते.

सुरक्षितता

पेरॉक्साइड उत्प्रेरक आणि कोबाल्ट त्वरक कधीही थेट एकत्र करू नयेत. स्फोट होऊ शकतो. त्वरक आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळावा, नंतरच उत्प्रेरक घालावा. उत्प्रेरकाचा थेंब डोळ्यास कायमची इजा करू शकतो, म्हणून चष्मा अनिवार्य आहे. घासताना धूळरोधक मुखपट्टी व हातमोजे वापरावेत. पॉलिएस्टर रेझिनची वाफ ज्वालाग्राही असल्याने जवळपास विडी, शेगडी वा ठिणगी नसावी.

योग्य काळ

पूर्व किनाऱ्यावरील मासेमारी बंदी १५ एप्रिल ते १४ जून या काळात असते. तेव्हा पाऊस कमी असल्याने ही दुरुस्ती साधते. फक्त दव वाळल्यानंतर आणि सावलीत काम करावे. पश्चिम किनाऱ्यावरील बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ऐन पावसाळ्यात येते. त्यामुळे कोकणापासून केरळपर्यंतच्या मच्छीमारांनी बंदीची वाट न पाहता एप्रिल-मे महिन्यांतच डेक उघडावे, अथवा बंदिस्त शेडची व्यवस्था करावी.

थोडक्यात, कुजलेल्या डेकवर फायबरचा आणखी एक थर चढविणे ही दुरुस्ती नव्हे. पाण्याची वाट बंद करणे व लाकूड कोरडे ठेवणे, यांवरच जुन्या नौकेचे पुढील आयुष्य आणि तिच्यावरील माणसांची सुरक्षितता अवलंबून असते.