सुट्टी दिल्लीची, वेळ समुद्राची

गणपती गेले की नोएडातल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांतून एक फोन हमखास येतो. मुलांना कोकणातली बेटं, किनारे, गुहा होडीने दाखवायच्यात, कधी आणि कुठे जाऊ? माझं माहेर मालवणचं, त्यामुळे दिल्लीहून ही ये-जा वर्षानुवर्षं चालू आहे. फोनवर जे सांगते तेच इथे लिहिते. तिकिटं आपल्या सुट्टीप्रमाणे काढता येतात, होडी मात्र पाण्याच्या मर्जीने सुटते. बाकी सगळं त्यातूनच येतं.

१. मे-जूनचा विचार सोडा. दिल्लीतल्या शाळांना मेच्या मध्यावर सुट्टी लागते. नेमकी मे संपता संपता कोकणातली बहुतेक पर्यटक होडी-वाहतूक आणि जलक्रीडा बंद होतात, त्या ऑगस्ट अखेरपर्यंत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीलाही बंदी असते. जिथे मासेमार जात नाहीत तिथे पोराबाळांना घेऊन आपण जायचं नाही. दिवाळी ते मार्च हा काळ उत्तम.

२. पहिला दिवस मोकळा ठेवा. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं गाड्या आणि विमानं तासन्‌तास अडकवतं. निजामुद्दीनहून मंगला एक्सप्रेसने रत्नागिरी गाठा किंवा विमानाने गोव्यातलं मोपा, पण पोहोचलेल्या दिवशी होडी ठरवू नका.

३. तिथी बघा. हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. दिल्लीतल्या मराठी स्वयंपाकघरातही कालनिर्णय टांगलेलं असतंच. त्यातली तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा, आली भरतीची वेळ. चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. साधारण सहा तासांनी, नऊच्या आसपास ओहोटी. अष्टमीला भरती सहाला. पुनव-अवसेला दुपारी बाराच्या आगेमागे, आणि तेव्हा उधाण. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार चढत-उतरत नाही. आमच्याकडचे जुने तांडेल मोबाइल न काढता अंगठ्याने बोटांची पेरं मोजत हा हिशेब करतात. मालवणच्या धक्क्यावर चौकशी केली की ते आधी विचारतात, "आज तिथी खंयची?"

हा हिशेब जमला तर निम्मी सहल जमली. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथला वाळूचा पट्टा, ज्याला सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात, ओहोटीलाच नीट उघडा पडतो. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो. परतायला उशीर झाला तर होडी शोधावी लागते. गुहागर तालुक्यात हेदवीची बामणघळ मात्र याच्या उलट. खडकातली ती अरुंद घळ भरतीला बघायची. लाट आत घुसते आणि पाण्याचा फवारा उंच उसळतो. तो लांबूनच बघा. तिथला ओला कातळ फार निसरडा आहे.

४. सकाळची पहिली होडी धरा. पहाटेचे मतलई वारे जमिनीकडून येतात, पाणी शांत असतं. दुपारी खारे वारे सुटले की होडी हेलकावे खाऊ लागते. राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला गेलात तर दरवाजासमोर काय होतं ते लक्षात ठेवा. होडी पायरीच्या बरोबरीला येते, पुन्हा हातभर खाली जाते. खलाशी तुमचं मनगट धरतो, बोटं नाही, आणि लाटेने होडी वर उचलली की "आता!" म्हणतो. त्याच क्षणी पाऊल टाका. सेल्फी, पर्स, चप्पल हे सगळं नंतर.

५. लाइफ जॅकेट नुसतं अंगावर घेऊ नका, त्याचे पट्टे आवळा. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि माणसं गेली. वातावरण स्वच्छ होतं, दुपारी चारचा सुमार होता. मुलांचं जॅकेट त्यांच्या मापाचं नसेल तर दुसरं मागा, नाही मिळालं तर ती होडी सोडा.

६. मुंबईत एकच दिवस असेल तर घारापुरी. होडीने तासाभराचं अंतर, सोमवारी लेणी बंद. ही माणसाने कोरलेली लेणी आहेत, समुद्राने कोरलेल्या गुहा नव्हेत, हे मुलांना आधी सांगा. पण त्या भव्य सदाशिवासमोर पोरंसुद्धा गप्प होतात.

७. चार दिवस असतील तर माझं मत सरळ मालवणला. १६६४ मध्ये पाया घातलेला सिंधुदुर्ग, आणि चहूबाजूंनी खारं पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. जुलै २०२५ मध्ये तो युनेस्कोच्या यादीत आला. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्गही आले. किल्ल्याभोवतीच्या पाण्यात प्रवाळ आहे आणि १९८७ पासून हे सागरी अभयारण्य आहे. स्नॉर्केलिंग करताना प्रवाळावर पाय ठेवू नका, तो जिवंत असतो. देवबागहून होडीने भोगवे आणि निवतीच्या सोनेरी खडकांपर्यंत जाऊन या.

८. निवतीसमोर खोल समुद्रात वेंगुर्ला रॉक्स दिसतात. तिथल्या गुहेत पाकोळ्या स्वतःच्या लाळेची घरटी बांधतात. परदेशात त्या घरट्यांचं सूप करतात, म्हणून इथून घरटी चोरली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने पाकोळ्यांच्या रक्षणासाठी मोठं काम केलं आहे. तुम्ही एवढ्या लांबून येता, पैसे मोजता, आणि गुहा बघायची ओढ मलाही समजते. तरी त्या गुहेत उतरायचा आग्रह कुठल्याही होडीवाल्याकडे धरू नका, आणि कुणी आपण होऊन न्यायला तयार झाला तर त्याला नाही म्हणा.