डर्ट बाइक, छोटी एसयूव्ही आणि तरफेचा नियम



मोटोक्रॉसची डर्ट बाइक रस्त्यावरून चालवत नेता येत नाही. तिला ना नोंदणी, ना नंबर प्लेट, ना दिवे. मैदानापर्यंत ती दुसऱ्या वाहनानेच न्यावी लागते. घरी थार किंवा जिम्नीसारखी छोटी एसयूव्ही असली की वाटते, मागे रॅक लावू, बाइक अडकवू आणि निघू. पण त्याआधी विज्ञानाच्या तासाला शिकलेली तरफ आठवा.

माझे घर जबलपूर जिल्ह्यातील मझौलीचे. हिवाळ्यात आमच्याकडे मटाराचा हंगाम असतो आणि रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. ट्रॉली फार भरली की चढावर ट्रॅक्टरची पुढची चाके जमीन सोडतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. ट्रॉलीचा भार हुकावर आणि हूक मागच्या चाकांच्याही मागे. मागची चाके झाली टेकू. मागे दाबले की पुढे उचलणारच. रॅकवरची बाइक गाडीला नेमके हेच करते.

आता गणित करू. बाइक ११० किलो आणि रॅक २० किलो, एकूण १३० किलो. दोन्ही गाड्यांची स्टेपनी मागच्या दारावर असते, त्यामुळे रॅक आणखी मागे सरकतो. बाइकचा मध्य मागच्या एक्सलपासून १.२ मीटर मागे धरू. १३० गुणिले १.२ म्हणजे १५६. तीन दारांच्या थारच्या दोन एक्सलमधले अंतर २.४५ मीटर. भागाकार सुमारे ६४.

म्हणजे पुढच्या चाकांवरून ६४ किलो भार कमी झाला आणि मागच्या चाकांवर १९४ किलो वाढला. पुढची चाके गाडी वळवतात आणि ब्रेक लावताना सर्वांत जास्त काम तीच करतात. तीच हलकी झाली की स्टिअरिंग सैल लागते आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते. नाक वर गेल्याने हेडलाइटचा झोत समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर जातो. खड्ड्यात रॅकच्या बोल्टवर बसणारा धक्का बाइकच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. शिवाय मागचे दिवे आणि नंबर प्लेट झाकली जाते. ते धोक्याचे आहे आणि कायद्यालाही धरून नाही.

यापेक्षा छोटा ट्रेलर बरा. त्यात भार ट्रेलरच्या स्वतःच्या चाकांवर जातो. ट्रेलर आणि बाइक मिळून २६० किलो असतील, तर हुकावर त्याचा दहावा भाग, म्हणजे २६ किलो भार यावा. हूक एक्सलपासून ०.९ मीटर मागे असेल, तर पुढची चाके जेमतेम १० किलोने हलकी होतात. हुकावरचा भार यापेक्षा फार कमी ठेवू नका, नाहीतर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. म्हणून बाइक ट्रेलरच्या एक्सलच्या किंचित पुढे उभी करा. ट्रेलरची नोंदणी लागते आणि गाडी किती ओढू शकते, हे तिच्या पुस्तिकेत पाहावे लागते. हे जमत नसेल तर छोटा हत्ती भाड्याने घ्यावा. त्यात कमीपणा नाही.

बांधण्याची रीत अशी. पेट्रोलचा कॉक बंद करा. पुढचे चाक आडव्या फळीला टेकवा. स्टँड वर घ्या. बाइक स्टँडवर नव्हे, पट्ट्यांवर उभी राहिली पाहिजे. दोन पट्टे हँडलजवळून खाली, पुढे आणि बाहेरच्या बाजूला ओढा. पुढचे शॉकअप साधारण निम्मे दबेपर्यंत ताण द्या. फार दाबले तर सील फाटते, कमी दाबले तर खड्ड्यात हूक निसटतो. मागे आणखी दोन पट्टे लावा. पट्ट्यांची मोकळी टोके गाठ मारून ठेवा. मग बाइक धरून जोराने हलवा. बाइकबरोबर ट्रेलरही हलला, तरच बांधणी पक्की.

पहिल्या १० किलोमीटरनंतर थांबा आणि प्रत्येक पट्टा हाताने तपासा. पट्टे सुरुवातीलाच सैल पडतात. त्यानंतर प्रत्येक थांब्यावर हेच करा.

पालकांना एक विनंती. ही तपासणी मुलांनाच करू द्या, पण शेवटचा हात तुमचा असावा. पट्टा सुटला तर मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतते.

आता तुमच्यासाठी एक उदाहरण. पाच दारांच्या जिम्नीच्या दोन एक्सलमधले अंतर २.५९ मीटर आहे. तोच रॅक, तीच बाइक. पुढची चाके किती किलोने हलकी होतील? उत्तर वहीत काढा आणि घरच्यांना दाखवा.